शटल गेलं, शटर राहिलं : घराच्या लोखंडी दाराची गोष्ट, आणि ते बदलायचं कधी

आजचा विषय ऐकून काही जण म्हणतील, ह्याला दुसरं काही मिळालं नाही काय? विषय आहे शटर. कॅमेऱ्यातलं नव्हे. घराच्या खालच्या मजल्याला असतं ते, सकाळी वर जाताना अख्ख्या गल्लीला उठवणारं लोखंडी शटर.

बाहेरगावचा पाहुणा इचलकरंजीत पहिल्यांदा आला की त्याला एक गोष्ट खटकते. साध्या दुमजली घराला खाली मोठं शटर, वर बाल्कनी, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे. तो विचारतो, "एवढ्या लोकांकडे पूर्वीपासून गाड्या होत्या काय रे?" नव्हत्या. ती शटरं गाडीसाठी बसवलेलीच नव्हती. ती मागासाठी होती. खाली चार, सहा, आठ यंत्रमाग आणि वर घर, अशी इथली कित्येक घरं. आज त्यातल्या बऱ्याच ठिकाणी माग नाहीत, गाडी उभी असते. शटर मात्र तेच, गंजलेलं, खाली वाकलेलं, दोघांनी मिळून उचलायचं.

आता ते बदलायचं का? कधी? आणि नवीन कसलं बसवायचं? युट्यूबवर याची उत्तरं देणारे व्हिडिओ भरपूर आहेत, पण ती बहुतेक अमेरिकेतल्या गॅरेजची. आपलं दार वेगळ्या कारणासाठी जन्मलंय. म्हणून आधी इतिहास बघू, मग मापं काढू.

दाराचं माप ठरतं कशावरून?

सुरुवात पुण्यातून करू. शनिवारवाड्याची पायाभरणी १७३० ची, वास्तुशांत १७३२ ची. त्याचा दिल्ली दरवाजा तुम्ही पाहिला असेल. अंबारीसकट हत्ती आत जाईल एवढा उंच. पण रोज काय हत्ती येत नव्हता. म्हणून त्या मोठ्या दारातच एक छोटं दार, दिंडी. माणूस वाकून त्यातून जायचा आणि मोठी दारं बंदच राहायची.

यात दोन गोष्टी शिकायला मिळतात. पहिली, दाराचं माप त्यातून जाणाऱ्या सगळ्यात मोठ्या वस्तूवरून ठरतं. दुसरी, ती वस्तू रोज जात नसेल तर रोजच्या माणसासाठी वेगळी सोय करावी लागते. ही दुसरी गोष्ट आपण शटरच्या काळात साफ विसरलो. आजही कित्येक घरांत नुसतं दुधाची पिशवी आत घ्यायला अख्खं शटर वर करतात!

खेड्यापाड्यातल्या वाड्यांचं गणितही हेच होतं, फक्त हत्तीच्या जागी बैलगाडी. दोन पाखांचं सागवानी दार, आतून अडसर, बाहेरून कडी-कोयंडा. याची अडचण बिजागरीत असते. दार जितकं रुंद तितका त्याचा भार बिजागरीपासून लांब, त्यामुळं काही वर्षांत पाख खाली बसतं आणि फरशीला घासायला लागतं. शिवाय दार उघडायला समोर जागा लागते. वाड्याला अंगण होतं, म्हणून ते चालून गेलं.

बाजारपेठेत ती जागा नव्हती. तिथं दुकानांना फळ्या असायच्या. खाली आणि वर खाच, त्यात एकेक उभी फळी सरकवायची, शेवटी आडवी पट्टी आणि कुलूप. फळ्यांवर नंबर असायचे, कारण क्रम चुकला तर शेवटची फळी बसायचीच नाही. सकाळी फळ्या काढून बाजूला रचायच्या, रात्री परत लावायच्या. आजही जुनी माणसं "दुकानाच्या फळ्या लावल्या" म्हणतात ते यावरून.

आता या उभ्या फळ्या आडव्या करा, बारीक करा, लोखंडाच्या करा आणि एकमेकीत अडकवा. झालं शटर. ही कल्पना आपल्याकडची नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच लंडनच्या दुकानांवर गुंडाळून वर जाणारी लोखंडी शटरं दिसायला लागली होती. पण आपल्या बाजाराला ती इतकी पटली की भाषेतच शिरली. "शटर पाडलं" म्हणजे धंदा बंद केला. "अर्धं शटर" म्हणजे बंदच्या दिवशीही गिऱ्हाईक चालू.

माग घरात आला

आता आपल्या गावात येऊ. इचलकरंजी ही घोरपड्यांची जहागीर. नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांच्या कारकिर्दीत, १९०४ साली, विठ्ठलराव दातार यांनी गावात पहिला यंत्रमाग बसवला. बाबासाहेबांनी अशा उद्योगांना पाठबळ दिलं. पुढं हे गाव 'महाराष्ट्राचं मँचेस्टर' म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

पण खऱ्या मँचेस्टरमध्ये आणि आपल्यात एक मोठा फरक आहे. तिथं प्रचंड गिरण्या होत्या, हजारो कामगार भोंग्यावर आत-बाहेर करायचे. इथं माग घराघरांत पसरला. कुणाचे दोन, कुणाचे चार, कुणाचे चोवीस. मालक वर राहतो, खाली माग चालतात, जॉबर शेजारच्या गल्लीतला. दुसऱ्याचं सूत घेऊन मजुरीवर कापड विणून देणारे 'खर्चीवाले' तर अजूनही हा शब्द वापरतात.

म्हणजे इथं घराचा खालचा मजला हाच कारखाना. मग दारातून काय जाणार? माग सुटा करून आत नेता येतो, पण तो एकदाच जातो. सारखा जातो तो बीम. सायझिंगमधून ताणा गुंडाळून आलेला लांब, जड बीम हातगाडीवरून नाहीतर टेम्पोतून यायचा आणि माणसं तो दारातून आत घ्यायची. बाहेर पडायचे कापडाचे ताके. गल्ली अरुंद, दारातच गटार, समोरच्याचं दार चार पावलांवर. दोन पाखांचं दार बाहेर उघडलं तर रस्ता अडतो, आत उघडलं तर एका मागाची जागा जाते. आणि इथं एका मागाची जागा म्हणजे महिन्याची कमाई.

म्हणून गुंडाळणारं शटर. ते जागा खात नाही, रात्री सुताला कुलूप बसतं, आणि उघडलं की भरपूर उजेड आत येतो. तुटलेला धागा शोधायला उजेड लागतो ना! थोडक्यात, इथलं शटर हा त्या काळाचा नीट विचार करून घेतलेला निर्णय होता. कुणी फॅशन म्हणून बसवलं नव्हतं.

अमेरिकेतलं गॅरेज

तिकडं अमेरिकेत दाराचा प्रवास गाडीबरोबर झाला. सुरुवातीला मोटार घोडागाडीच्या शेडमध्येच ठेवायचे, दारंही तीच, बाहेर उघडणारी. बर्फ पडला की ती उघडायचीच नाहीत. १९२१ साली सी. जी. जॉन्सन या माणसानं आडव्या तुकड्यांचं, वर सरकून छताखाली जाणारं दार बनवलं. १९२६ मध्ये त्याला विजेची मोटरही लावली. त्यातूनच ओव्हरहेड डोअर ही कंपनी उभी राहिली.

आता फरक बघा. जॉन्सनचं दार गुंडाळत नाही. ते रुळावरून वळून छताला समांतर झोपतं. म्हणजे आत गाडीच्या लांबीइतकं मोकळं छत हवं. आपल्या मागाच्या शेडमध्ये छताला काय असतं? तुळई, पंख्याचे हूक, वायरिंगचे पाईप, कधी जुना लाईन शाफ्ट अडकवलेल्या खुणा. म्हणून इंटरनेटवर दिसणारं ते पांढरं, गुळगुळीत 'सेक्शनल' दार आवडलं तरी ऑर्डर करायच्या आधी वर बघा.

अमेरिकेचा आणखी एक धडा घेण्यासारखा आहे. मोटरची दारं वाढली आणि त्याखाली लहान मुलं सापडून जीव गेले. शेवटी कायदा झाला आणि १ जानेवारी १९९३ पासून तिथं बनणाऱ्या घरगुती दाराच्या मोटरला, खाली काही अडकलं की थांबून उलटं वर जाण्याची यंत्रणा सक्तीची झाली. विजेचं दार १९२६ चं आणि ही सक्ती १९९३ ची. सदुसष्ट वर्षं लागली. आपण तेवढं थांबायचं कारण नाही.

स्प्रिंग नावाचं प्रकरण

इंजिनिअर माणूस म्हणून इथं जरा थांबतो, कारण शटरची खरी गंमत यात आहे.

दहा फूट रुंद, नऊ फूट उंच शटर धरा. सरकारी बांधकामाच्या, म्हणजे सीपीडब्ल्यूडीच्या नियमांप्रमाणं साडेतीन मीटरपर्यंतच्या रुंदीला पट्टीचा पत्रा कमीत कमी ०.९ मिलिमीटर हवा, त्यापेक्षा रुंद असेल तर १.२५ मिलिमीटर. नुसता सपाट पत्रा धरून गणित केलं तरी आपल्या शटरचं वजन साठ किलोच्या आसपास येतं. पट्टीची वळणं, खालची जाड पट्टी, कुलूप धरलं तर आणखी वाढतं. मग एकटी बाई सकाळी ते सहज वर कसं करते?

वरच्या पाईपवर स्प्रिंगा बसवलेल्या असतात. शटर खाली येईल तशी स्प्रिंग पिळत जाते. शटर जितकं खाली, तितकं जास्त वजन लोंबकळतं, आणि तितकीच स्प्रिंग जास्त पिळलेली असते. दोन्ही एकमेकांना तोलतात. वर नेताना तीच साठवलेली ताकद परत मिळते. तुम्ही उचलता ते फक्त उरलेलं थोडं वजन.

म्हणून शटर तपासायची सगळ्यात सोपी परीक्षा ही : कुलूप काढा, कंबरेपर्यंत वर करा आणि हात अगदी सावकाश सैल करा. पाय आणि पोरं बाजूला ठेवून! जागेवर थांबलं तर स्प्रिंग ठीक आहे. खाली यायला लागलं तर स्प्रिंग बसलीय. आपोआप वर पळालं तर जास्त पिळलीय. तिरकं चाललं तर एका बाजूची स्प्रिंग गेली असेल किंवा गाईड चॅनल वाकलं असेल.

आणि हे लक्षात ठेवा, शटर पूर्ण वर असतानाही स्प्रिंगमध्ये ताण शिल्लक असतो. पाना घेऊन ती स्वतः सोडवायला जायचं नाही. हे काम शटरच्या मिस्त्रीचंच.

स्प्रिंगला आयुष्य वर्षांत नसतं, उघड-बंद किती वेळा झाली यात असतं. अमेरिकेत सेक्शनल दाराच्या साध्या स्प्रिंगला दहा हजार वेळा हा नेहमीचा हिशोब आहे. दिवसातून चार वेळा धरलं तर सात वर्षंही भरत नाहीत. आपल्या शटरला हा आकडा तसाच्या तसा लागू होत नाही, पण विचार तोच. दुधाच्या पिशवीसाठी शटर वर केलं की त्या हिशोबातला एक आकडा कमी झाला.

मारुती आली, माग गेले

१९७२ मध्ये बजाज चेतक आली. नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे लोक. स्कूटर घरी आली तरी शटरला काही फरक पडला नाही, दोन मागांच्या मधल्या वाटेत ती मावायची. डिसेंबर १९८३ मध्ये दिल्लीत पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात गेली, आणि पुढच्या वीस वर्षांत गाडी मध्यमवर्गाच्या दारात आली. ही मारुती १४४० मिलिमीटर रुंद. सात फुटी शटर म्हणजे साधारण २१३० मिलिमीटर. दोन्ही बाजूंना मिळून दोन फुटांपेक्षा जास्त जागा. आरामात आत.

आजची ब्रेझा १७९० मिलिमीटर, तेही आरसे सोडून. त्याच शटरमधून नेताना दोन्हीकडं मिळून फुटापेक्षा थोडीशीच जास्त जागा उरते, आणि आरसे त्यातच. गल्लीत वळण घेऊन तिरकं आत शिरायचं असेल तर विसराच.

दरम्यान मागांचंही चित्र बदललं. १ एप्रिल १९९९ ला केंद्राची टफ्स, म्हणजे तंत्रज्ञान सुधारणेसाठीची योजना आली. रेपिअर, एअरजेट असे धोट्याशिवाय चालणारे माग यायला लागले. ते रुंद, जड आणि वेगवान. त्यांना घराखालची शेड पुरत नाही, ते यड्रावच्या पार्वती इस्टेटसारख्या ठिकाणी मोठ्या शेडमध्ये जातात. घराखालचे साधे माग त्या स्पर्धेत दमले. मग मंदी, नोटाबंदी, जीएसटी, पोरं पुण्याला आयटीत. मी त्यातलाच एक. माग किलोच्या भावानं भंगारात गेले. शटल गेलं, शटर राहिलं.

आणि इथंच खरा प्रश्न आहे. आमच्या गल्लीतल्या एका काकांकडं मिस्त्री आला होता. त्यांचं बोलणं मी उभा राहून ऐकलं.

"मालक, खालच्या चार पट्ट्या गेल्यात."

"पट्ट्या बदल. शटर राहू दे."

"स्प्रिंग पण बसलीय. आणि धाकले मालक म्हणत होते, गाडीसाठी रुंद करायचंय."

"रुंद केलं की संपलं की रे. मग माग कुठं लावायचे?"

आत एकही माग नव्हता. सहा वर्षं झाली होती विकून. पण काका पट्ट्या बदलण्याचे पैसे द्यायला तयार होते, नवीन शटरचे नव्हते. ते चिकटपणा करत होते असं मला वाटत नाही. शटर बदलणं म्हणजे आपण आता मागवाले राहिलो नाही हे सगळ्या गल्लीसमोर कबूल करणं. घरातली भांडणं यावरच होतात. मुलगा मिलिमीटरमध्ये बोलत असतो आणि वडील भलत्याच मापात.

मग बदलायचं कधी?

माझं उत्तर असं. यात दोन प्रश्न मिसळलेत, ते आधी वेगळे करा.

एक, शटर सुरक्षित आहे का? हा प्रश्न वाट बघत नाही. कंबरेवर धरून सोडल्यावर ते धाडकन खाली येत असेल, ब्रॅकेट भिंतीतून हललं असेल, गाईडमधून पट्ट्या सुटत असतील, तर दुरुस्ती आजच करायची. घरात चर्चा चालू राहू दे, पण स्प्रिंग बदलून घ्या. त्यानं कुणाचा मागवालेपणा जात नाही.

दोन, आत यापुढं काय राहणार? या प्रश्नाला वेळ द्या. गाडी? भाड्यानं दुकान गाळा? शिवणकामाचं युनिट? की खरंच परत दोन-चार माग? सगळी शक्यता एका टेबलावर मांडा आणि मगच माप ठरवा. हत्ती, बैलगाडी, बीम, गाडी. दार नेहमी आतल्या वस्तूमागून आलंय. गंजामुळं घाईनं तेच माप परत बसवलं तर पुढची वीस वर्षं तुम्ही नसलेल्या मागांचं दार उघडत बसाल.

नुसता खालचा भाग गंजला असेल तर खालच्या पट्ट्या आणि बॉटम पट्टी बदलून काम भागतं. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेचं पाणी ज्या भागांत शिरलं तिथल्या शटरांचं बऱ्याचदा हेच झालंय. पण पट्ट्या मधोमध वाकल्या असतील, पाईपच झुकला असेल किंवा रुंदीच बदलायची असेल, तर नवीनच घ्या.

कसं बदलायचं?

पटापट सांगतो.

रुंदी वाढवायची तर आधी वरची तुळई बघा. शटरच्या वर अख्खा मजला उभा आहे. भिंत फोडण्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, नुसत्या गवंड्याच्या शब्दावर जाऊ नका.

माप आणि प्रकार जुळवा. सीपीडब्ल्यूडीच्या नियमांत हातानं ओढायचं शटर आठ चौरस मीटरपर्यंत साधं चालतं, बारापर्यंत बॉल बेअरिंगसह, त्यापुढं गिअर. आपलं दहा बाय नऊचं शटर आठच्या थोडं वर जातं, म्हणजे बेअरिंग हवंच. शटरसाठी आयएस ६२४८ हे भारतीय मानकही आहे. कोटेशन चौरस फुटावर मिळतं, पण तुम्ही पत्र्याची जाडी मिलिमीटरमध्ये लिहून मागा. स्वस्त कोटेशन बऱ्याचदा तिथंच स्वस्त झालेलं असतं.

मोटर लावणार असाल तर तीन गोष्टी : लाईट गेल्यावर हातानं उघडायची सोय, अडथळा आला की थांबणारा सेन्सर, आणि बटण अशा जागी की दाबणाऱ्याला शटर डोळ्यांसमोर दिसेल.

हवा खेळू द्या. बंद शेडमध्ये गाडी चालू ठेवली तर कार्बन मोनॉक्साईड साठतो, आणि वर घर आहे. वरच्या भागात जाळीच्या किंवा भोकांच्या पट्ट्या घ्या.

शेजारी छोटं दार ठेवा. दिंडी! रोजची ये-जा तिथून, शटर फक्त गाडीसाठी. स्प्रिंगचं आयुष्य वाढेल.

आणि माग काढले असतील तर वीज कनेक्शनही बघा. यंत्रमागाचा सवलतीचा दर मागासाठी असतो. त्यावर गाडी चार्ज करणं किंवा दुकान चालवणं बरोबर नाही, वर्गवारी बदलून घ्या.

तर मंडळी, हा भाग ऐकून झाल्यावर दोन कामं करा. टेप घेऊन तुमच्या शटरची मोकळी रुंदी मोजा, गाईडच्या आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत. आणि घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा, हे शटर बसवलं तेव्हा आत काय होतं? त्यांना सांगायला आवडेल. निम्मा वाद तिथंच मिटतो बघा. उत्तरं आम्हाला व्हॉइस नोटनं पाठवा, चांगली उत्तरं पुढच्या भागात ऐकवू. भेटू लवकरच.